ऑइलचा डबा वाचता आला पाहिजे

माझ्याकडे स्पोर्ट्स कार आहे म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्या पगाराचा हिशोब करतो. हायस्कूलच्या मास्तरला हे कसं परवडतं? म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाडी जुनी सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरग्लासच्या बॉडीची. तिच्यात रेनॉचं 1,149 सीसीचं, साधारण 60 अश्वशक्तीचं इंजिन आहे. युरोपात हेच इंजिन ट्विंगो आणि क्लिओ या साध्या घरगुती गाड्यांत असायचं. म्हणजे पोशाख शर्यतीचा आणि काळीज भाजी आणायला जाणाऱ्या गाडीचं!

पण ही गाडी आता बनत नाही. शोरूम नाही, सर्व्हिस सेंटर नाही. बेअरिंग घासून इंजिन जाम झालं, तर दुसरं इंजिन शोधण्यात वर्ष जाईल आणि कदाचित सापडणारही नाही. त्यामुळे कोणतं ऑइल आणि कोणता फिल्टर घालायचा, हा माझ्यासाठी शौकाचा प्रश्न नाही. गाडी राहणार की भंगारात जाणार, हे त्यावर ठरतं.

माझे मामू मिरजेत मेस्त्री होते. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या गॅरेजात जाऊन बसायचो. एखादा गिऱ्हाईक 'सगळ्यात भारी ऑइल टाका' म्हणाला की मामू हसायचे. "गाडी का नाम देखके तेल नै डालते, इंजिन देखके डालते." मला वाटतं, ऑइलवरच्या साऱ्या चर्चेचं सार यातच आहे.

डब्यावर पहिली गोष्ट वाचायची ती आकडे. 10डब्ल्यू-40 यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो, नंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावर, म्हणजे 100 अंश सेल्सिअसला, ते किती घट्ट राहतं ते सांगतो. इंजिनची बरीचशी झीज पहाटे सेल्फ मारल्यावर पहिल्या काही क्षणांत होते, कारण ऑइल अजून वरपर्यंत पोचलेलं नसतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे 0डब्ल्यूची गरज नाही. 0डब्ल्यू-20 हे त्या हिशोबाने बनवलेल्या नव्या इंजिनांसाठी आहे. उलट टोकाला 20डब्ल्यू-50. ऑइल पिणाऱ्या, पुरत्या झिजलेल्या इंजिनला मेस्त्री ते घालतात, पण माझं इंजिन अजून त्या वयाचं नाही. एप्रिल-मेचं चाळीस अंशांचं ऊन आणि जानेवारीची पहाट, दोन्ही सांभाळणारं 10डब्ल्यू-40 सेमी-सिंथेटिक मी घेतो. डब्यावर 'रेसिंग' लिहिलं असेल तर त्या शब्दाचे पैसे देत नाही.

दुसरी गोष्ट अक्षरं. एपीआयच्या पुढे 'एस'ने सुरू होणारी जोडी पेट्रोल इंजिनची, 'सी'ने सुरू होणारी डिझेलची. एसएल, एसएम, एसएन, एसपी असं अक्षर पुढे जातं तसा दर्जा नवा. 'जासो एमए' दिसलं तर तो डबा मोटारसायकलचा. तिथे क्लच त्याच ऑइलमध्ये भिजत असतो, म्हणून त्याची कृती वेगळी असते. घरात बाइकचं ऑइल उरलंय म्हणून ते कारमध्ये ओतू नये.

फिल्टरची गोष्ट याहून अवघड. कंपनीच नाही, तर पार्ट नंबर कुणाला विचारणार? मी इंजिनचा माग काढला. रेनॉची लोगान 2007 मध्ये महिंद्राबरोबर नाशिकला बनू लागली, म्हणून तिच्या पेट्रोल इंजिनच्या फिल्टरपासून सुरुवात केली. पण नावावर विसंबलो नाही. जुना फिल्टर आणि व्हर्नियर घेऊनच दुकानात गेलो. 20 मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे आटे कितीतरी गाड्यांच्या फिल्टरना असतात. त्यामुळे चुकीचा फिल्टरही छान फिरत बसतो. आटे बसले म्हणजे फिल्टर बसला असं नव्हे. रबरी रिंगचा व्यास, उंची आणि आतले दोन व्हॉल्व्ह पाहावे लागतात. एक व्हॉल्व्ह गाडी बंद असताना ऑइल खाली उतरू देत नाही. दुसरा फिल्टर तुंबला तर ऑइलला आडवाट करून देतो, कारण कोरड्या इंजिनपेक्षा गाळ न काढलेलं ऑइल परवडलं. शंभर-दीडशे रुपये वाचवायला नकली फिल्टर घेणं म्हणजे या दोन व्हॉल्व्हवरच पाणी सोडणं.

एअर फिल्टरच्या बाबतीत मुलं मला हमखास अडवतात. 'सर, ओपन फिल्टर लावा, आवाज भारी येतो.' येतो खरा. पण तो बॉनेटमधली गरम हवा ओढतो, आणि उसाच्या ट्रॅक्टरमागची धूळ गाळण्यात साधा कागदी फिल्टर सरस आहे. 60 अश्वशक्तीत आवाजाने 61वी भर पडत नाही.

माझी गाडी वर्षाला दोनेक हजार किलोमीटरच चालते. तरीही ऑइल दरवर्षी बदलतो. जवळजवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ओलावा आणि पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये राहून जातो. रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला भोक पाडतो, म्हणजे त्यात पुन्हा नकली ऑइल भरलं जाणार नाही.

हे सगळं मराठीत लिहायचं कारण मामूच आहेत. आपल्या समाजातली कितीतरी घरं गॅरेजच्या कमाईवर उभी राहिली. त्या मेस्त्र्यांचं ज्ञान बोटांत होतं, कागदावर नव्हतं. मामू दोन बोटांत ऑइल चोळून त्याचं वय सांगायचे. आज तेच काम शिकणाऱ्या पोरांसमोर येणारा डबा इंग्रजी अक्षरांनी भरलेला असतो, आणि त्यांना तो वाचून दाखवणारं कुणी नसतं. डबा वाचता आला तर तो पोरगा हेल्परचा मेस्त्री लवकर होतो, आणि गिऱ्हाइकाला कारणासकट उत्तर देऊ शकतो.

जाता जाता त्याच पोरांसाठी एक. काळं झालेलं ऑइल वर्षानुवर्षं कातडीला लागणं घातक असतं. मामूंच्या नखांतला काळेपणा ईदच्या दिवशीही निघत नसे. तेव्हा ऑइल काढताना हातमोजे घाला, आणि काढलेलं ऑइल गटारात सोडू नका, डब्यात साठवून ठेवा.