कौदीवरची सावली

बेळगावहून खानापूर, नंदगड करत हल्याळच्या रस्त्याला लागले की मोकळी शेते हळूहळू मागे पडतात आणि झाडी दाट होऊ लागते. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपुढे हात जोडून बहुतेक प्रवासी दांडेलीच्या जंगलाची घाई करतात. वाटेवरच्या अंगणांत दोरीवर वाळत टाकलेल्या कौद्यांकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. वाचकहो, एकदा तेवढ्यासाठी या रस्त्याने जा.

कौदी म्हणजे आपली वाकळ किंवा गोधडी. आपल्या दुभाषी घरांत सासू वाकळ म्हणते, सून कौदी म्हणते आणि दोघी एकाच पांघरुणाविषयी बोलत असतात. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांतल्या सिद्दी स्त्रिया तिला कवंदी म्हणतात. कित्येक शतकांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज. त्यातले अनेक जण पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आले आणि पुढे घाटावरच्या रानात स्थिरावले. 2003 मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. पण कवंदी तिन्ही घरांत शिवली जाते. घरात कोकणी-मराठी वळणाची बोली, बाजारात कन्नड. त्यामुळे आपल्याला बोलायला अडचण पडत नाही.

त्यांच्या शिवणीची रीत लक्षात राहण्यासारखी आहे. खाली जुनी साडी पसरायची आणि एका कोपऱ्यापासून ठिगळे लावायला घ्यायची. धावदोरा कडेकडेने फिरत शेवटी मध्यावर येतो. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या बसवतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, असे बायका सांगतात. काही वयस्क स्त्रिया मधल्या शेवटच्या ठिगळाखाली तांदळाचे चार दाणे ठेवतात. ‘होट्टे तुंबिसुवुदु’, म्हणजे पोट भरणे. पांघरुणाचेही पोट रिकामे राहू नये!

मी ज्या गोष्टीसाठी तिथे थांबले ती मात्र रंगाची होती. एका जुन्या कवंदीत एकाच निळ्याच्या पाच छटा मोजल्या. पाच साड्या असतील असे वाटले. शिवणाऱ्या बाई हसल्या. साडी एकच होती. निऱ्यांच्या आतला भाग गर्द राहिलेला, खांद्यावरचा उन्हाने उडालेला, गुडघ्यापाशी घासून जवळजवळ राखाडी झालेला. कोणता तुकडा कुठे लावायचा हे त्यांनी नजरेने ठरवले होते. गडद कडेला, फिकट मध्ये. शिवाय दाट धावदोऱ्याने कापडाला बारीक चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणीखाली सावली धरते. गडद ठिगळावर पांढरा दोरा चालवला की ते थोडे उजळते. कन्नडमध्ये सावलीला ‘नेरळु’ म्हणतात. झाडाखाली बसावे तसे त्या पांघरुणाखाली वाटते, याचे कारण थोडे तरी या सावल्यांत असावे.

आता हे अवघड होत चालले आहे. अंगावर पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या विटत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि वर्षानुवर्षे त्याच भडक रंगात राहतात. इलकलचे किंवा शहापूरचे सुती लुगडे विटून जी छटा देई, ती या साड्यांत उतरतच नाही. मग आमच्या महाविद्यालयातल्या मुली कापडावरचे रंग, ऑइल पेस्टल आणि ब्रश घेऊन कौदीला छटा द्यायला बसतात. काही ज्येष्ठ मंडळींना हे खटकते. मला खटकत नाही, पण त्याचे काही नियम आहेत.

सुती कापड आधी धुऊन त्यातली खळ काढावी, नाहीतर रंग वरच्यावर बसतो. शाळेच्या पेटीतले जलरंग नकोत, ते पहिल्या धुण्यात जातात. कापडासाठीचा रंग पातळ थरांत, फिक्याकडून गडदाकडे द्यावा. उजेड कोणत्या बाजूने येतो ते आधी ठरवावे आणि ठिगळाच्या एकाच कडेला सावली द्यावी, म्हणजे ते वर उचलल्यासारखे दिसते. चारी कडा काळ्या केल्या तर नुसती चौकट होते. पेस्टल घासल्यावर वर कागद ठेवून इस्त्री फिरवावी. जादा मेण कागद ओढून घेतो. रंग नीट वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री करावी. पांढरा दोरा फार उठून दिसत असेल तर तो आधी चहाच्या पाण्यात बुडवून घ्यावा. आणि हे सारे शिवण्याआधी, एका सुट्या तुकड्यावर धुऊन पाहून मग करावे.

जाड रंगाने कापड ताठ होते. भिंतीवर टांगायच्या कौदीला ते चालेल, पण जिच्याखाली मूल झोपणार आहे तिला नाही. म्हणूनच घरातल्या जुन्या वाकळेवर ब्रश चालवू नये असे मला ठामपणे वाटते. तिचा रंग गेलेला नसतो. ती अंगावर वापरली गेल्याची ती नोंद असते. एका मुलीने आजीच्या वाकळेवर लाल रंग भरायला घेतला, तेव्हा आजीने विचारले, “बण्ण हच्चिदरे अदु नंदु अंत यारिगे गोत्तागतद?” रंग लावला तर ती माझी आहे हे कुणाला कळेल? मुलीने ब्रश खाली ठेवला आणि नव्या मांजरपाटावर तीच लाल छटा उतरवायला घेतली. ती आता आजीच्या वाकळेशेजारी टांगलेली आहे आणि पाहणारे दोन्ही नीट निरखून पाहतात.

विक्रीचाही प्रश्न आहे. शहरातल्या गिऱ्हाइकाला रंगवलेली कौदी आधी दिसते आणि शिवणारीचे कित्येक दिवसांचे काम त्याच्या नजरेआड जाते. तेव्हा कोणत्याही प्रदर्शनात चिठ्ठी लिहिताना रंगवणारीच्या आधी शिवणारीचे नाव असावे आणि तिची मजुरी वेगळी धरावी. हल्याळच्या रस्त्याला तुम्ही कधी कवंदी विकत घेतलीत तर फोटो काढण्याआधी विचारा, आणि शिवणाऱ्या बाईंचे नाव तिच्याच तोंडून ऐकून मागच्या कापडावर दोऱ्याने घालून घ्या.