एका कपाचे दोन दर

१/७
नागपूरच्या रामदासपेठेतील एक विद्यार्थिनी शिक्षणासाठी इटलीत, नेपल्सला गेली. पहिल्याच सकाळी तिने टेबलापाशी बसून एस्प्रेसो घेतला. बिल आले ते भिंतीवरील दरपत्रकाच्या दुपटीहून अधिक. परकी म्हणून आपल्याला फसविले, हा सल तिच्या मनात कित्येक दिवस राहिला. हा धागा त्या दोन दरांविषयी.

२/७
इटलीत कॉफीच्या दुकानाला ‘बार’ म्हणतात. तेथे काउंटरपाशी उभ्याने कॉफी घेतली तर एक दर, टेबलावर आणून दिली तर दुसरा. हा नियम इटालियन माणसालाही लागू असतो. १९११ च्या कायद्याने जीवनावश्यक वस्तूंचे कमाल दर ठरविण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाला मिळाला. कपभर कॉफीही त्यात गणली गेली. बसण्याची चैन मात्र त्याबाहेर राहिली.

३/७
उभ्याने पिण्याची रीत यंत्रामुळे रुजली. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने वाफेच्या दाबाने एकेक कप झटपट काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. एस्प्रेसोवरील दाट सोनेरी फेस तर आकिले गाज्जियाच्या तरफेच्या यंत्राने दिला, तोही दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे आजचा हा ‘परंपरागत’ कप आपल्या आजोबांच्या वयाचा आहे.

४/७
आणि कॉफी तरी इटलीची कोठे? येमेनचे हे बी ऑटोमन साम्राज्यातील बंदरांमार्गे सतराव्या शतकात व्हेनिसला पोहोचले. तेथील ‘फ्लोरियन’ हे कॉफीगृह १७२० मध्ये उघडले आणि आजही चालू आहे. जी वस्तू स्वतः परकी म्हणून आली, तिच्याभोवती एका देशाने आपली ओळख विणली.

५/७
हळूहळू विद्यार्थिनी रीत शिकली. गर्दीच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, मग काउंटरवर पावती ठेवायची. कॉफीआधी पाण्याचा पेला, म्हणजे जीभ स्वच्छ होते. दुधाचा कापुचिनो सकाळीच. जेवणानंतर तो मागणारा परका ओळखू येतो. दोन-तीन घोटांत कप रिकामा. टपरीवर उभ्याने कटिंग घेणाऱ्या नागपूरकराला यात अनोळखी ते काय?

६/७
नेपल्सची आणखी एक जुनी रीत आहे: ‘काफे सोस्पेसो’, म्हणजे राखून ठेवलेली कॉफी. गिऱ्हाईक एक कप पिते आणि दोन कपांचे पैसे देते. नंतर कोणी गरजू येऊन विचारतो, “सोस्पेसो आहे का?” असेल तर त्याला कॉफी मिळते. देणारा व घेणारा एकमेकांना कधी पाहत नाहीत.

७/७
हे कळले तेव्हा तिला नागपूरच्या वैशाखातील पाणपोई आठवली. माठ कोणी भरला हे वाटसरू विचारत नाही, आणि माठ भरणाराही वाटसरूचे गाव विचारत नाही. दुसऱ्या दिवशी तिने गल्ल्यावर दोन कपांचे पैसे ठेवले. पहिल्या सकाळचा सल तेथेच संपला.