उभे राहिल्यावरचा रक्तदाब

सौ. वहिनींस,


दादांना खुर्चीतून उठल्यावर येणारी अंधारी, जेवणानंतरची ग्लानी, रात्री लघवीसाठी वरचेवर होणारे उठणे आणि कित्येक वर्षांची बद्धकोष्ठता या वयाच्या तक्रारी असून पार्किन्सनशी त्यांचा संबंध नाही, अशी जी समजूत वहिनींच्या पत्रात दिसते ती बहुतेक घरांत आढळते. परंतु ती खरी नाही, आणि तिच्यापायी टाळता येण्याजोगा पुष्कळ त्रास सोसावा लागतो. या तक्रारींना इतर कारणेही असू शकतात व ती डॉक्टरांनी तपासायला हवीतच. मात्र पार्किन्सन असलेल्या माणसात त्या अशा एकत्र आल्या, तर त्यांचे मूळ बहुधा स्वायत्त मज्जासंस्थेच्या बिघाडात असते.

हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, आतड्यांची हालचाल, मूत्राशय, घाम ही सारी कामे माणसाच्या इच्छेवाचून चालवणारी जी यंत्रणा, तिला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली सहा रुग्णांच्या आधारे या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हा मंदावलेल्या आतड्यांची आणि तोंडातून गळणाऱ्या लाळेची नोंद त्यांनी केलीच होती. पुढच्या काळात मात्र वैद्यकाचे लक्ष कंप आणि ताठरपणा यांच्यावरच खिळले. फ्रेडरिक लेवी यांना १९१२ साली या रुग्णांच्या मेंदूतील पेशींत जे गोळे आढळले, ते व्हेगस या मज्जातंतूच्या उगमकेंद्रात, म्हणजे मेंदूपासून छाती आणि पोटापर्यंत संदेश नेणाऱ्या तंतूच्या मुळाशीच होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हे गोळे मुख्यतः अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचे असतात, हे १९९७ साली कळले; आणि हायको ब्राक यांनी २००३ साली असे मांडले की, पुष्कळ रुग्णांत ही विकृती आधी व्हेगसच्या केंद्रात आणि गंधाच्या भागात दिसते व हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात नंतर पोहोचते. प्रत्येक रुग्ण या क्रमात बसत नाही, तरी कंपाच्या कितीतरी वर्षे आधी बद्धकोष्ठता का सुरू होते याचा उलगडा त्यातून बराचसा होतो.

या सर्वांत धोक्याचा आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित प्रकार म्हणजे उभे राहिल्यावर रक्तदाब कोसळणे. माणूस उभा राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. मानेतील रोहिणीत असलेले दाबाचे संवेदक ही घट तत्क्षणी टिपतात आणि स्वायत्त संस्थेची अनुकंपी शाखा नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे रसायन सोडून रक्तवाहिन्या आवळते व हृदयाची गती वाढवते, त्यामुळे निरोगी माणसाला यातले काही जाणवतही नाही. पार्किन्सनमध्ये हृदयाकडे व रक्तवाहिन्यांकडे जाणारे हेच अनुकंपी तंतू झिजतात. मग दाब घसरतो आणि नाडी मात्र हवी तितकी वाढत नाही. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा दाब १० अंकांनी उतरला, तर हा दोष आहे असे मानले जाते, आणि पार्किन्सनच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत तो सापडतो. चक्कर येते तेव्हा तो ओळखता तरी येतो. परंतु पुष्कळदा चक्कर न येता केवळ नजर धूसर होते, बोलणे तुटक होते, पाय लटपटतात, किंवा मान आणि खांदे दुखू लागून आडवे होताच ते दुखणे थांबते, आणि घरचे लोक त्याला अशक्तपणा म्हणून सोडून देतात.

अडचण अशी की दवाखान्यात रक्तदाब बहुधा बसवूनच मोजला जातो. ज्याचा दाब आडवे असताना १५० आणि उभे राहिल्यावर १०५ आहे, त्याला बसलेल्या अवस्थेतील आकडा पाहून दाब कमी करणारी गोळी वाढवून दिली जाण्याचा संभव असतो. त्यात प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या अल्फा-ब्लॉकर गटातील गोळ्यांनी, आणि खुद्द लेव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधानेही दाब आणखी उतरू शकतो. म्हणून प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे सर्व औषधांची एकच यादी ठेवणे अगत्याचे आहे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये, हे वेगळे सांगायला नकोच. लेव्होडोपा एकाएकी थांबवणे तर जिवावर बेतू शकते.

औषधांखेरीजचे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत. सकाळी उठताना दाब कोसळण्याचा त्रास बहुधा सर्वांत जास्त असतो, म्हणून अंथरुणातून उठण्यापूर्वी दोन मोठे पेले पाणी भराभर प्यायल्यास काही मिनिटांत दाब चढतो व सुमारे तासभर टिकतो. अर्थात गिळताना ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत हा उपाय करू नये. नंतर पाय खाली सोडून काही वेळ काठावर बसावे, घोटे आणि पोटऱ्या हलवाव्यात आणि मगच आधार धरून उभे राहावे. भात-पोळी-गोडाचे भरपेट जेवण झाले की रक्त आतड्यांकडे ओढले जाते आणि तास-दोन तास दाब उतरलेला राहतो, त्यामुळे सणासुदीलाही थोडे-थोडे आणि अनेकदा खाणे बरे. कडत पाण्याची आंघोळ, उन्हाळ्यातील दुपार, निर्जळी एकादशी आणि शौचाला बसून कुंथणे या चारही गोष्टी दाब पाडणाऱ्या आहेत. भारतीय पद्धतीच्या शौचकूपातून एकदम उठताना पडण्याचा धोका असतो, म्हणून कमोड आणि भिंतीला पक्का दांडा या सोयी त्वरित कराव्यात. उलट आडवे पडल्यावर याच माणसाचा दाब फार वाढू शकतो. त्यासाठी खाटेची डोक्याकडची बाजू खाटेच्या त्या बाजूच्या खुरांखाली ठोकळे देऊन वीतभर उचलावी, म्हणजे रात्री लघवीचे प्रमाणही घटते. मीठ वाढवणे हृदय व मूत्रपिंडे तपासल्याशिवाय करू नये. मिडोड्रीन किंवा फ्लुड्रोकॉर्टिसोन ही औषधे डॉक्टर देऊ शकतात, पण त्यांनीही आडव्या अवस्थेतील दाब चढतो. म्हणून मिडोड्रीनचा शेवटचा डोस निजण्याच्या किमान चार तास आधी घेतात.

पोटाचा प्रश्न निव्वळ गैरसोयीचा नाही. लेव्होडोपा जठरातून नव्हे, तर पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून शोषला जातो. जठर संथ झाले की गोळी तिथेच अडकून राहते, आणि घेतलेली मात्रा लागू पडली नाही असे वाटते. प्रथिने त्याच वाटेने शोषली जात असल्याने गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी असे सांगतात. मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड मात्र देऊ नये. ते मेंदूत शिरून डोपामीनला अडवते व आजार बळावतो. लाळ गळते ती लाळ जास्त झाल्याने नव्हे, गिळणे कमी झाल्याने. लघवीच्या घाईवरची काही जुनी औषधे स्मृतीवर परिणाम करतात; दिलेले औषध त्यांपैकी आहे का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

दाब फार लवकर आणि फार जोरात कोसळू लागला, लघवी तुंबू लागली व लेव्होडोपाचा उपयोग तुटपुंजा ठरला, तर हा पार्किन्सन नसून मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफी हा वेगळा आजार असू शकतो. त्याचा निर्णय मेंदुविकारतज्ज्ञच करतील.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शुभंकराच्या हाती येथे एक काम आहे, जे डॉक्टरांच्या गर्दीच्या वेळेत होत नाही. दादांना पाच मिनिटे शांत आडवे ठेवून दाब आणि नाडी मोजावी, मग कोणी धरून त्यांना उभे करावे, आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजून, आधीची गोळी व आधीचे जेवण किती वाजता झाले त्या वेळांसह सर्व आकडे वहीत लिहावेत. उभे असताना त्रास वाटू लागला तर लगेच आडवे करावे. सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणानंतर आणि निजण्यापूर्वी असे आठवडाभर करून ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे उघडावी आणि त्यांनाही दादांचा दाब उभे करून मोजण्याची विनंती करावी. त्यात वहिनींनी संकोच करू नये.



दादांचा धाकटा भाऊ