शय्यातराचे घर

खानदेशातील जुन्या व्यापारी गावांत धरणगावचे नाव मानाने घ्यावे लागते. १६७४ साली इंग्रजांनी येथे वखार घातली आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या फौजेने ती लुटली. वखार घालावी आणि लुटावी एवढा माल गावात होता, हे या दोन्ही घटनांवरून दिसते. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली, तिचे मुख्य ठाणेही येथेच होते. १८९० मध्ये बालकवी ठोमरे यांचा जन्म याच गावी झाला. पण गावाचे रोजचे आयुष्य कापूस, धान्य आणि कापड यांच्या देवघेवीवर चालले. ज्या गावात देवघेव होते, तिथे परगावचा माणूस रात्री मुक्कामाला राहतो. तो कुठे राहत असे, या प्रश्नाचे उत्तर येथील जुन्या घरांत सापडते.

अशाच एका ओसवाल कुटुंबाच्या घराची ही हकीकत. घर आता चार भावांच्या नावे आहे. चौघांपैकी एकही गावात राहत नाही. विक्रीचा व्यवहार ठरला, तेव्हा पुण्यात वास्तुरचनेचे काम करणाऱ्या धाकट्या पिढीतील एका मुलाने वडीलधाऱ्यांकडे दोन महिन्यांची सवड मागितली. घर राहणार नसेल, तर त्याची नोंद तरी राहावी, एवढेच त्याचे मागणे होते.

फीत, कंपासपेटी आणि कॅमेरा घेऊन तो आला. पहिले चार दिवस मापे घेण्यात गेले. जोते दगडी, वर विटा आणि पांढरी माती, सागाचे खांब, कडीपाट आणि त्यावर मातीचे धाबे, ही खानदेशी उन्हाळ्याने शिकवलेली बांधणी त्याने कागदावर उतरवली. रस्त्याकडे ओटा, त्यामागे पडवी, मग पेढीची बैठक आणि बैठकीच्या डाव्या अंगाला तीन खणांची एक खोली. या खोलीला बाहेरून स्वतंत्र दार होते. घरात न शिरता तिच्यात जाता येत असे. भिंतीत ओळीने कोनाडे, त्यांच्या वर लाकडी खुंट्या. घरातले लोक तिला ‘उताऱ्याची खोली’ म्हणत.

१८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि खानदेशी कापसाचे दिवस पालटले. खरेदीदार, दलाल, गाडीवान यांची वर्दळ वाढली. पुढे रेल्वे गावाला लागली, तरी मुक्काम संपले नाहीत. उतरणाऱ्यांची वेळ तेवढी बदलली. अशा माणसांकडून या खोलीचे भाडे कधी घेतले गेले नाही, असे घरात सांगत असत. त्याला त्याचा पुरावा हवा होता. माळ्यावरच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या त्याने खाली काढल्या. लिपी महाजनी, घरातील कोणालाच ती वाचता येईना. शेवटी एका जुन्या मुनीमजींच्या मुलाने ती लावून दिली. पान उलटले की धर्मादाय खाते येई. त्यात कबुतरांच्या दाण्याची रक्कम होती, पाणपोईच्या माठांची होती, पण उताऱ्याच्या खोलीचा एक पैसाही नोंदलेला नव्हता. पाहुण्यांची नावेही कुठे नव्हती.

तो हिरमुसला. नोंद करायला आलेल्याला नोंदच सापडेना.

घरातील सर्वांत वडील व्यक्ती म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. वयाची ऐंशी ओलांडलेल्या भुवाजी याच घरात वाढलेल्या. त्यांना फोन लावताच त्या म्हणाल्या, “अरे, जे धर्मादायात लिहितात ते दान. पाहुणा जेवला ते घरखर्चात. त्याचं वेगळं पान कशाला मांडतील?”

आठवड्याने त्या स्वतःच आल्या. त्यांच्याबरोबर तो खोलीखोलीतून हिंडला आणि नकाशात माणसे दिसू लागली. विहिरीचे पाणी दुहेरी गळण्यातून गाळून रांजणात भरले जाई आणि गळण्यावरचे जीव पुन्हा विहिरीत सोडले जात. सूर्यास्तानंतर चूल पेटत नसे. संध्याकाळच्या गाडीने उशिरा उतरलेल्यासाठी कोनाड्यात फुटाण्यांचा आणि गुळाचा डबा ठेवलेला असे; आपला नियम पाहुण्यावर लादायचा नाही, अशी आजोबांची ताकीद होती.

विहार करत येणाऱ्या साध्वीजी स्थानकात जागा नसली की याच खोलीत उतरत. त्या दिवसांतली एक आठवण भुवाजींनी सांगितली. आठ-नऊ वर्षांच्या असताना त्यांनी हौसेने फुलके लाटायला मदत केली आणि गोचरीची वाट पाहत दारात उभ्या राहिल्या. साध्वीजी मात्र शेजारच्या घरी गेल्या. मुलगी रडू लागली. तेव्हा आईने समजावले, की ज्याने राहायला जागा दिली तो शय्यातर. त्याच्या घरचा आहार त्यांना कल्पत नाही. ज्याने छप्पर दिले, त्याच्यावर सगळाच भार पडू नये. “त्या दिवशी मला कळलं, की देणाऱ्यालाही थांबावं लागतं,” भुवाजी म्हणाल्या.

श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे अतिथिसंविभाग. आपल्यासाठी जे आहे, त्यातलाच योग्य वाटा देणे, असा त्याचा भाव. मुलाने टिपणवहीत हे व्रत लिहिले आणि त्यापुढे या खोलीचे माप लिहिले.

निघताना भुवाजी पडवीत थांबल्या. “इथं कोण झोपायचं, ते लिहिलंस का?”

त्याने मान हलवली. पडवी रिकामी जागा म्हणून दाखवली होती.

“इथं गाडीवान झोपायचे. कापसाच्या गाड्या घेऊन आलेले. पावसाळ्यात झड आत यायची, तरी उताऱ्याची खोली त्यांच्यासाठी उघडली नाही. त्यांची ताटंही वेगळी, त्या खुंटीखाली ठेवलेली. आमच्या घराचं नाव मोठं होतं. पण हेही होतं. तेही लिही.”

थोरल्या काकांना ही नोंद रुचली नाही. घर विकले जाणार, निदान आठवण तरी चांगली राहू द्यावी, असे त्यांचे म्हणणे. दोन दिवस चर्चा झाली. अखेर भुवाजींनीच विषय संपवला. “संवत्सरीला आपण सर्व जिवांची क्षमा मागतो. ज्यांची मागायची, त्यांची जागा तरी कागदावर असू दे.”

दिवाळीनंतर खरेदीखतावर सह्या झाल्या. त्याआधी नोंदीच्या पाच प्रती तयार झाल्या: चार भावांना एकेक आणि पाचवी भुवाजींना. शेवटच्या नकाशात पडवी आता रिकामी नाही. तिथे ‘गाडीवानांची जागा’ असे लिहिले आहे, उताऱ्याच्या खोलीच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत. खुंटीचीही जागा दाखवली आहे. प्रत हाती आली तेव्हा थोरल्या काकांनी ते पान बराच वेळ पाहिले आणि काही न बोलता वही कपाटात, जुन्या वह्यांशेजारी ठेवली.