फोटोखालचे नाव

सिंधुदुर्गातल्या एका खाडीवर कालवे वाढविणाऱ्या भगिनींचे फोटो काढायला आम्ही गेलो. २०१७ साली आलेल्या कांदळवन उपजीविका योजनेतला हा बचतगट. भरती होती, बांबूचा मांडव पाण्याखाली. आम्ही साऱ्यांना काठावर रांगेत उभे केले. एक मावशी हसल्या, “भाऊ, ह्यो लग्नातलो फोटो झालो. कामाचो होयो तर सुकतीक येवा.”

पहाटे ओहोटीला गेलो. कमरेएवढ्या पाण्यात त्या दोरीला लटकलेल्या कालवांवरचा गाळ खरवडीत होत्या. शिंपल्याची कड पात्यासारखी, बोटे चिरलेली. आम्ही कारकून माणसे, कागदाने बोट कापले तरी पट्टी शोधतो!

हातांचाच फोटो काढला. मावशी म्हणाल्या, “खाली आमची नावा घाला. मागच्या टायमाक नुसता ‘लाभार्थी महिला’ लिवलेला.”