‘शक्तिमान’ आणि रसविघ्ने

एप्रिल २०२० मध्ये दूरदर्शनने ‘शक्तिमान’ ही मालिका पहिल्या भागापासून पुन्हा दाखवावयास घेतली, तेव्हा चिखलीतील एका घरात तिचे तीन वयांचे प्रेक्षक एकाच खोलीत होते. ऐंशीच्या घरातले निवृत्त प्राथमिक शिक्षक, तिशीला आलेला त्यांचा नातू आणि नातवाची सहा वर्षांची मुलगी. टाळेबंदीमुळे कोणाला बाहेर जाता येत नव्हते. त्यामुळे वाद अर्धवट टाकून उठण्याचीही सोय नव्हती. मालिकेचा पहिला टप्पा चांगला की वाईट, हा तो वाद. तो आठवडाभर चालला आणि मुलीने तो पहिल्याच दिवशी एका वाक्यात संपविला होता : “बाबा, हे सगळं खोटं दिसतंय.”

नातवाला हे वाक्य लागले. मालिका १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाली तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता. प्रारंभी ती शनिवारी दिसे आणि शनिवारची शाळा सकाळची असे. शाळा सुटताच दप्तर पाठीवर आपटत धावणारी मुले, ज्या घरी दूरचित्रवाणी संच असेल त्या घराच्या ओसरीवर साचलेल्या चपला, कौलांवर चढून ॲन्टेना फिरविणारा एक थोरला मुलगा आणि खालून “आलं, आलं, गेलं” असा पुकारा. वीज राहील की नाही याची खात्री नसे. पडद्यावर मुंग्या आल्या तरी कोणी उठत नसे. आपल्या मुलीने ‘खोटे’ ठरविलेली मालिका आणि आपण पाहिलेली मालिका एकच आहे, हे मान्य करावयास तो तयार नव्हता. अर्थात, चित्रफीत तीच होती.

बचावासाठी त्याने जे मुद्दे मांडले ते कोणत्याही समीक्षकाला ओळखीचे वाटावेत. त्या काळी एवढीच साधने उपलब्ध होती; परदेशी चित्रपटांच्या खर्चाशी दूरदर्शनच्या मालिकेची तुलना अन्यायाची आहे; कथा तर आपली आहे. हा तिसरा मुद्दा त्यातल्या त्यात बरा. नायकाला शक्ती मिळते ती परग्रहावर जन्मल्यामुळे वा किरणोत्सर्गी कोळी चावल्यामुळे नव्हे, तर योगसाधनेने आणि कुंडलिनीजागृतीने. परंतु गंमत अशी की, १९९७ मध्ये नेमका हाच भाग चिखलीच्या पोरांना नकोसा होता. ध्यान, गुरू आणि पंचमहाभूते यांत एक अख्खा भाग जाई आणि उड्डाणाच्या वाट्याला मिनिटभर येई. मुलांची तक्रार शुद्ध रचनाविषयक होती. पूर्वकथा लांबते आणि कृती खोळंबते, हा आक्षेप आपल्या कित्येक गाजलेल्या कादंबऱ्यांवर कोणी इतक्या थेटपणे घेतलेला नाही.

दुसरा वाद गीता विश्वासचा. सुरुवातीच्या भागांत ही वार्ताहर किटू गिडवानी यांनी केली. पुढे त्या भूमिकेत वैष्णवी महंत आल्या. खरी गीता कोणती, यावर मधल्या सुट्टीत दोन तट पडत. नाटकात नटसंच बदलला तर प्रेक्षक थोडे हळहळतो आणि स्वीकारतो. तेथे पात्र संहितेत असते, नट येतो-जातो. मुलांना मात्र पात्र चेहऱ्यातच दिसत होते. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

गंगाधरविषयी मात्र एकमत होते : तो हसविणारा. पुढे आलेले दात, चष्मा आणि संस्कृतप्रचुर शुद्ध हिंदी. भाषा शुद्ध बोलणारा माणूस या देशात विनोदी ठरतो, हे त्या मालिकेने भाषेच्या शिक्षकांना दर आठवड्याला सांगितले, आणि शिक्षकही हसले.

आजोबांची भूमिका या सर्वांहून वेगळी होती. नायक पडद्यावर प्रथम दिसला तेव्हा, १९९७ मध्येच, त्यांनी चष्मा पुसून निर्णय दिला होता : “अरे, हा तं भीष्म हाय!” मुकेश खन्ना यांनी १९८८ ते १९९० या काळात दाखविल्या गेलेल्या ‘महाभारत’ मालिकेत भीष्मांची भूमिका केली होती. अंधाराचा स्वामी तमराज किल्विष झालेले सुरेंद्र पाल तिथे द्रोणाचार्य होते. आजोबांच्या लेखी कुरुक्षेत्राचा उरलेला हिशेबच आता नव्या वेषात चालू होता. तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांचे ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ वाचनालयातून आणून रात्रीत संपविणाऱ्या या वाचकाला मुखवट्याआडचा उपकारकर्ता नवा नव्हता. पण काळा पहाडावर त्यांचा विश्वास बसला तो पुस्तक मिटेपर्यंत. या उडणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास आधीच बसलेला होता. भीष्म उडतो, यात त्यांना अडचण नव्हती.

अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील पहिले संभावनाविरह, म्हणजे जे दाखविले जाते ते संभवनीयच न वाटणे. त्यावरचा त्याचा उपाय मार्मिक आहे. घटना लोकसामान्य असेल तर हृदयसंवाद आपोआप होतो. परंतु कृत्य अलौकिक असेल तर नायक रामादिकांसारखा प्रख्यात नावाचा घ्यावा, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रसिद्धीमुळे त्या नावाविषयी मनात दृढ प्रत्यय रुजलेला असतो. ‘शक्तिमान’ला असे नाव उपलब्ध नव्हते, नायक नवा होता. मालिकेने नाव उसने घेतले नाही, चेहरा घेतला. पुराणकथेच्या नायकाला असलेली प्रसिद्धी येथे दूरदर्शनच्या सात वर्षे आधी संपलेल्या मालिकेने पुरविली. दोरी दिसत होती, पार्श्वभूमीचा निळा रंग नायकाच्या कडेने सांडत होता, तरी आजोबांच्या पिढीला ते चालले, यात साधनांच्या गरिबीविषयी उदारता नव्हती. दारावर येणारा बहुरूपी शंकर होऊन आला की त्याचा जटांचा टोप कानामागून सुटलेला दिसतोच. म्हणून कोणी त्याला दाणे नाकारीत नाही.

पणतीजवळ हा चेहरा नाही. तिने भीष्म पाहिलेले नाहीत. तिच्यासमोर केवळ चित्रपट्टी आहे, आणि चित्रपट्टीचे वचन ‘हे असे घडले’ असे असते. बहुरूपी असे वचन देत नाही. म्हणून तिचा ‘खोटे’ हा शेरा असंस्कृत ठरविता येत नाही. तो त्या माध्यमाच्या वचनाला धरूनच आहे. मुंग्या आणि वीज यांचीही सोय त्या यादीत आहे, हे जाता जाता नोंदवावे. प्रतीतीच्या साधनांतील वैकल्य आणि स्फुटत्वाचा अभाव ही दोन स्वतंत्र विघ्ने तेथे गणली आहेत. मात्र ओसरीवरच्या मुलांचा अनुभव येथे अभिनवगुप्ताला साथ देत नाही. पडद्यावर मुंग्या आल्या की अर्धे उड्डाण मुले स्वतः पूर्ण करीत. २०२० मध्ये चित्र स्वच्छ आले आणि ते काम कोणाकडेच उरले नाही.

वादाच्या चौथ्या दिवशी नातवाने एक गोष्ट सांगितली. ती घरात सर्वांना ठाऊक होती. फक्त मुलीला नव्हती. १९९८ च्या उन्हाळ्यात तो गच्चीच्या कठड्यावर उभा राहिला होता. एक हात वर, दुसरा कमरेवर. गोल फिरण्याचा सराव वर्गात झालेला होता. आजोबा कुरडया राखावयास वर आले नसते तर काय झाले असते, हे त्याने सांगितले नाही. आजोबांनी आरडाओरड केली नाही. मागून जाऊन दंड धरला आणि म्हणाले, “खाली उतर बाप्पा, जेवाले चाल.” जेवताना घास गिळेना तेव्हा त्यांच्या हातातील कंप इतरांनी पाहिला.

त्या काळात असे अपघात झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून येत होत्या. काही मुले शक्तिमान वाचवावयास येईल या भरवशावर जिवावर उदार झाली, असे त्यांत म्हटलेले असे; या घटनांचा मालिकेशी जोडला गेलेला संबंध मुकेश खन्ना यांनी अमान्य केला. परंतु पडद्यावर येऊन, ही दृश्ये युक्तीने चित्रित केलेली असतात, त्यांचे अनुकरण करू नका, असे मुलांना बजावणे त्यांनाही भाग पडले.

अभिनवगुप्ताच्या यादीतले दुसरे विघ्न येथे आठवते. जे दिसते ते माझेच आहे किंवा त्या अमुक एकाचेच आहे, अशा देशकालाच्या बंधनात प्रेक्षक अडकला तर रस संभवत नाही. म्हणजे विश्वास न बसणे हे जसे विघ्न, तसे तो पुरता बसणे हेही विघ्नच. दोन्ही एका यादीत, शेजारी शेजारी. दुसऱ्यावरचा उपाय पूर्वरंग आणि प्रस्तावना. आधी नट हा नट म्हणून दिसावा, मग त्याने मुकुट घालून स्वतःला झाकावे. दूरदर्शनच्या मालिकेला प्रस्तावना नव्हती. तिला ती मागाहून, अपघातांच्या बातम्यांनंतर जोडावी लागली. तीही अडचणीची होती, कारण मुलांना समजावणाऱ्याच्या अंगावर तोच सूर्यचिन्हाचा पोषाख असे. शक्तिमानच सांगत होता की शक्तिमान नाही. आणि मुलांनी ते ऐकले, कारण शक्तिमान सांगत होता.

गोष्ट ऐकून झाल्यावर मुलीने बापाला विचारले, “तुम्हाला खरंच वाटलं होतं?” तो म्हणाला, “हो.” ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. पडद्यावर तेव्हा गंगाधर बोलत होता. नातवाने त्यानंतर मालिकेची बाजू घेणे सोडून दिले. ती वाईट आहे, असेही तो म्हणाला नाही. मुलीला सर्व खोटे दिसते याचा त्याला सुटल्यासारखा आनंद झाला होता, आणि त्याच कारणासाठी तिच्याविषयी थोडे वाईटही वाटत होते. हे दोन्ही त्याने रात्री बायकोला सांगितले.

आजोबांनी दुसऱ्या दिवशीही मालिका पाहिली. पणती त्यांच्या मांडीला टेकून बसली होती आणि उड्डाणाचे दृश्य आले की दोरी कोठे बांधली आहे ते शोधत होती. “आबा, दिसली का तुम्हाला?” आजोबांनी चष्मा सरळ केला आणि पडद्याच्या भलत्याच कोपऱ्याकडे बोट दाखविले.

संध्याकाळी ती दोघे कुरडया काढावयास गच्चीवर गेली. १९९८ च्या पावसाळ्याआधी आजोबांनी कठड्यावर विटांचे तीन थर चढवून घेतले होते. त्यांना गिलावा करावयाचा राहिला तो राहिलाच. “हे वरचं वेगळं काऊन दिसते?” मुलीने विचारले. आजोबा कुरडया डब्यात भरत होते.