एका छपराखालील सहा बिऱ्हाडें

जेरुसलेमच्या जुन्या शहरांतील दगडी बोळांतून जात असतां ख्रिस्ती लोकांचें सर्वांत पूज्य देवालय मुळींच दृष्टीस पडत नाहीं. दोन्ही बाजूंस मसाल्यांचीं, पितळी भांड्यांचीं, जपमाळांचीं दुकानें. त्यांमधून एक अरुंद वाट वळते आणि एकाएकीं आपण लहानशा फरसबंद अंगणांत येऊन उभे राहतों. समोर दोन कमानी. एक कमान, ११८७ सालीं सलादीननें शहर घेतलें तेव्हांपासून, दगडांनीं चिणलेली. दुसरीला थोरलें लांकडी दार. येशूला क्रुसावर दिलें तो खडक आणि त्याचें थडगें हीं दोन्ही या एकाच छपराखालीं आहेत, अशी परंपरा आहे.

२०१९ च्या फेब्रुवारींत पहाटे चारच्या सुमारास आम्ही व आमच्या वहिनी त्या अंगणांत कुडकुडत उभे होतों. वडील बंधु गुडघ्यांच्या दुखण्यामुळें मुक्कामावरच राहिले होते. दार उघडण्याची रीत पाहावी, एवढाच हेतु. या दाराची किल्ली जूदा नांवाच्या मुसलमान घराण्याकडे, आणि दार उघडण्याचा मान नुसैबा नांवाच्या दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे! आंत रात्रभर कोंडून घेतलेले साधु दारांतील झरोक्यांतून एक शिडी बाहेर सरकवितात. तिच्यावर चढून वरचें कुलूप काढावें लागतें.

वहिनींनीं विचारलें, "भावजी, देऊळ यांचें, मग किल्ली परक्यांकडे कशाला?"

आम्हीं म्हटलें, "आपल्या गांवच्या घराची किल्ली गुरवाकडे कां असते, वहिनी?"

वहिनी हंसल्या नाहींत. आमच्या घराचा विषय निघाला कीं त्या हंसत नाहींत.

या देवालयांत सहा पंथांचे हक्क आहेत: ग्रीक, लॅटिन म्हणजे रोमन कॅथॉलिक, आर्मेनियन, कॉप्ट, सिरियन आणि इथिओपियन. कोणता दिवा कोणीं लावावा, कोणती पायरी कोणीं झाडावी, धूप आधीं कोणीं फिरवावा, हें सारें ठरलेलें. भांडणें फार वाढलीं तेव्हां तुर्की सुलतान अब्दुल मजीद यानें १८५२ सालीं फर्मान काढून त्या दिवशीं जें जसें होतें तें तसेंच गोठवून टाकलें. १८७८ च्या बर्लिनच्या तहानेंही त्यावर शिक्का मारला. दर्शनी भिंतीवर एका खिडकीखालीं लहानशी लांकडी शिडी टेकलेली आहे. अठराव्या शतकांतील चित्रांतही ती दिसते. ती हलवावयाची तर सर्वांची संमति हवी. म्हणून ती तेथेंच आहे.

वस्तुतः हीं सारीं घरें एकाच चुलीचीं. इसवी सन ३० च्या सुमारास, याच शहरांत, येशूमागें राहिलेल्या शिष्यांनीं पहिली मंडळी उभारली. 'प्रेषितांचीं कृत्यें' या बायबलांतील पुस्तकांत तिची हकीकत आहे. जमीनजुमला विकावा, पैसा एकत्र करावा आणि ज्याला जसें लागेल तसें द्यावें, अशी त्यांची राहणी होती. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें नवें वाटणार नाहीं. आणि त्या कुटुंबांत पहिली कुरबुर कशावरून झाली? पंक्तिप्रपंचावरून! रोजच्या वाढपांत हिब्रू बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतें, ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा मात्र मागें राहतात, अशी तक्रार उठली आणि पंगतीवर देखरेख करण्यास सात पुरुष नेमावे लागले. हें ऐकून वहिनी म्हणाल्या, "सात बायका नेमल्या असत्या, तर पुढचीं भांडणें झालींच नसतीं." हा अभिप्राय इतिहासकारांच्या विचारार्थ येथें नमूद करून ठेवतों.

दुसरा तंटा अधिक खोल होता. पहिले सर्व शिष्य यहुदी. पुढें अंत्युखिया शहरांत यहुदी नसलेले लोकही मंडळींत येऊं लागले. 'ख्रिस्ती' हें नांवही प्रथम तेथेंच पडलें. या नव्या लोकांनीं सुंता करून घ्यावी कीं नाहीं? सुमारें ४९ सालीं जेरुसलेमांत सभा भरली. येशूचा भाऊ याकोब हा तेथील मंडळीचा प्रमुख. त्यानें पौलाचें म्हणणें ऐकून घेतलें आणि सुंतेची सक्ति नको असा निकाल दिला. त्या दिवशीं निकाल उलट लागता, तर हा धर्म यहुद्यांतील एक लहान पंथ म्हणूनच राहिला असता, असें आम्हांस वाटतें. सन ७० मध्यें रोमनांनीं जेरुसलेम उद्ध्वस्त केलें आणि वडीलकी अंत्युखिया, अलेक्झांड्रिया व रोम यांच्याकडे गेली. कॉन्स्टंटाइन बादशहानें समाधीवर बांधविलेलें पहिलें देवालय ३३५ सालीं पवित्र करण्यांत आलें.

राजाश्रय मिळाला आणि वांटण्या सुरू झाल्या. ४५१ सालीं खाल्सीदोन येथील परिषदेनें ठरविलें कीं, ख्रिस्ताच्या ठायीं देवत्व आणि मनुष्यत्व अशा दोन प्रकृति आहेत. ग्रीकांना व लॅटिनांना तें मान्य; कॉप्ट, सिरियन व इथिओपियन यांना अमान्य. आर्मेनियन त्या सालीं इराण्यांशीं लढण्यांत गुंतले होते. तेही पुढें नाकारणाऱ्यांतच गेले. १०५४ मध्यें रोम व कॉन्स्टँटिनोपल यांनीं एकमेकांस बहिष्कृत केलें. त्या वादांत पोपच्या वडीलकीबरोबर, प्रसादाच्या भाकरींत आंबवण असावें कीं नसावें, हाही प्रश्न होता. सोंवळ्याच्या स्वयंपाकाची ज्यांना माहिती आहे, त्यांना यांत हंसण्यासारखें कांहीं दिसूं नये. प्रॉटेस्टंट तर सोळाव्या शतकांतील. वांटण्या होऊन गेल्यावर जन्मलेल्यांना येथें खोली नाहीं. त्यांच्यापैकीं पुष्कळ जण शहराच्या तटाबाहेरील एका बागेंतल्या कबरीचें दर्शन घेतात.

सर्वांत गरीब बिऱ्हाड इथिओपियनांचें. तें छपरावर, मातीच्या ठेंगण्या खोल्यांत राहतें. त्या जागेवर कॉप्टही हक्क सांगतात. २००२ सालीं उन्हाळ्यांत एका कॉप्ट साधूनें आपली खुर्ची उन्हांतून सावलींत सरकविली, तेवढ्यावरून मारामारी होऊन अकरा जण जखमी झाले.

समाधीच्या पाठीमागें सिरियनांची एक काळोखी कोठडी आहे. मलबारांतील सिरियन ख्रिस्त्यांच्या एका मोठ्या शाखेचें याच पंथाशीं नातें आहे, म्हणून आम्ही तेथें मुद्दाम गेलों. भिंती धुरानें काळवंडलेल्या, गिलावा पडलेला. आर्मेनियन म्हणतात जागा आमची, सिरियन म्हणतात आमची. आणि येथील रिवाज असा कीं, जो दुरुस्ती करील तो मालक. म्हणून कोणीच कोणाला दुरुस्ती करूं देत नाहीं.

वहिनी तेथें बराच वेळ उभ्या राहिल्या. आमच्या कोंकणांतील घरांत देवघराची पाळी तीन घराण्यांकडे आळीपाळीनें असते. माजघराचें छप्पर कित्येक पावसाळे गळत आहे. चुलत बंधूंनीं दुरुस्तीचा संमतिलेख पाठविला, त्यावर आम्हीं सही केली नाहीं. खर्च त्यांचा, तर उद्यां माजघरही त्यांचेंच म्हणतील, असा आमचा विचार. वहिनींनीं त्यावर तेव्हां चकार शब्द काढला नव्हता.

बाहेर येतांना समाधीवरील मंडप पुन्हा पाहिला. तो ढांसळूं नये म्हणून इंग्रज अमदानींत, १९४७ सालीं, त्याला लोखंडी तुळयांचा पिंजरा घातला होता. अखेर २०१६ मध्यें ग्रीक, लॅटिन व आर्मेनियन यांच्यांत करार झाला. अथेन्सच्या शिल्पज्ञांनीं काम केलें, आणि मार्च २०१७ मध्यें पिंजऱ्यावांचून मंडप लोकांनीं पाहिला. मालकी कोणाची, हा प्रश्न तेव्हांही कोणीं सोडविला नव्हता.

रात्रीं मुक्कामावर, बंधूंच्या गुडघ्यांना तेल चोळतां चोळतां वहिनींनीं विचारलें, "भावजी, तो कागद कोणत्या पेटींत आहे?"

आम्हीं सांगितलें. त्या वर्षीं मृगापूर्वीं माजघराचीं कौलें बदललीं. खर्च कोणाच्या नांवें मांडावयाचा, तें मात्र अद्याप ठरलेलें नाहीं.